विजेला सुनावणी, मग गॅसला का नाही?

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातले छोटे उद्योग गाळ्यांत चालतात. प्लास्टिक मोल्डिंगचे मशीन चालू असताना वीज गेली, की बॅरलमधले वितळलेले प्लास्टिक थिजते. वीज आल्यावर ते पुन्हा तापवून बाहेर काढायचे आणि तेवढा माल भंगारात टाकायचा. अशा गाळेवाल्याला विजेचा दरही परवडायला हवा आणि पुरवठाही भरवशाचा हवा. दोन्हींसाठी त्याची गाठ एकट्या महावितरणशी आहे.

विकणारा एकच असला, की त्याच्या हिशेबावर कुणाची तरी नजर असावी लागते. महाराष्ट्राला हे महागात पडून कळले. डिसेंबर 1993 मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला, तेव्हा ग्राहकाचे म्हणणे ऐकणारा नियामक अस्तित्वातच नव्हता. महागड्या विजेच्या वादात 2001 मध्ये तो प्रकल्प बंद पडला. दरम्यान 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि 2003 च्या वीज कायद्याने त्याचे हात बळकट केले.

आता दर बदलायचे, तर महावितरणला आयोगापुढे याचिका करावी लागते, ती जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची ‘प्रयास’ यांसारख्या संस्थांनी आयोगापुढे वीजगळती आणि खर्चाचे आकडे वर्षानुवर्षे तपासले आहेत. बिलावरचा स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आयोगाच्या आदेशातून येतो. वीज शुल्क मात्र राज्य सरकार लावते. 1 एप्रिल 2020 पासून अनेक ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असेल तर वाढणारे, बिल येऊ लागले आणि अनेक गाळ्यांत कपॅसिटरकडे लक्ष देणे भाग पडले. हा निर्णयही आयोगाच्या दर आदेशातलाच.

या व्यवस्थेत उणिवा आहेत. 28 मार्च 2025 च्या दर आदेशाला महावितरणच्या अर्जावरून आयोगाने 2 एप्रिललाच स्थगिती दिली आणि 25 जूनला फेरविचाराचा नवा आदेश काढला. हरकती ऐकून दिलेला आदेश बदलायचा, तर ग्राहकांना पुन्हा विचारायला हवे. तरीही आदेश छापील आहेत, त्यांची कारणे वाचता येतात, त्यांना आव्हान देता येते. वैयक्तिक तक्रारीसाठी कल्याणचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर मुंबईत विद्युत लोकपाल आहे.

गॅसच्या बाबतीत एवढेही नाही.

पालघर जिल्ह्यात पाइप गॅसचे काम गुजरात गॅसकडे आहे. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले. ते कंपन्यांना भौगोलिक क्षेत्रे देते, ठरावीक वर्षे त्या क्षेत्रात एकाच कंपनीला विक्रीची मुभा देते. पण स्वयंपाकघरातल्या किंवा भट्टीतल्या गॅसचा दर ते ठरवू शकत नाही. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसचे दर ठरवायचा प्रयत्न मंडळाने 2012 मध्ये केला. तो अधिकार कायद्यात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये दिला. केंद्राने एप्रिल 2023 पासून देशांतर्गत गॅसच्या दराला नवे सूत्र लावले, कमाल मर्यादा घातली. मात्र घराच्या मीटरपाशी काय दर लागावा, हे कंपनीच ठरवते.

गॅस महाग वाटला तर सिलिंडर घ्या, असे सांगितले जाते. पण घरात आलेल्या एकाच पाइपमधून दोन कंपन्या गॅस विकत असतील, तरच त्याला स्पर्धा म्हणता येईल. तोपर्यंत गॅस कंपनीचा हिशेबही उघड्यावर तपासला गेला पाहिजे.

संसदेने 2006 चा कायदा दुरुस्त करून एकाधिकाराच्या काळात घरगुती आणि लघुउद्योगांच्या गॅस दरावर जाहीर सुनावणी बंधनकारक करावी. वसईतल्या उद्योजक संघटनांनी आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी ही मागणी खासदारांकडे लेखी करावी. आणि महावितरणची पुढची दर याचिका जाहीर होईल, तेव्हा मुदतीच्या आत वालीवमधूनही हरकती गेल्या पाहिजेत.