बीबीएच्या मुलांना संशोधन झेपतं

बीबीएच्या मुलांनी गावोगाव फिरून संशोधन करावं, असं म्हटलं की तीन आक्षेप ठरलेले. संशोधन हे पीएचडीवाल्यांचं काम. माणुसकी एनएसएसच्या शिबिरात शिकवावी, व्यवस्थापनाच्या तासाला नफा-तोटाच बरा. आणि नोकरी देणारा एक्सेल नि इंग्रजी विचारतो, मजुराचं दुखणं नव्हे. हे तिन्ही आक्षेप वारणानगरात तपासून पाहावेत. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या या परिसरात साखर कारखाना, दूध संघ, बझार आणि महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत.

पहिला आक्षेप घ्या. १९९८ मध्ये इथं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. परिसरातली ७० गावं त्यात होती. शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, शेतीसल्ला, इंटरनेट मिळेल, असा गाजावाजा झाला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी गावांत जाऊन पाहिलं, तर संगणकाचा वापर मुख्यतः उसाच्या नोंदींपुरताच होता. मग ७ गावांत तेच काम त्यांनी मोबाइलच्या एसएमएसवर चालवून दाखवलं, तेही कमी खर्चात. एसएमएसची यंत्रणा तज्ज्ञांनी उभारली, हे खरं. पण लोक संगणकावर नेमकं काय करतात, एवढं पाहायला कुठली पदवी लागते?

दुसरा आक्षेप नफ्याचा. ऊसतोडीला आलेलं जोडपं म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, खाडा पडला तर दंड सोसायचा. कारखान्याच्या हिशेबात हे सगळं 'तोडणी-वाहतूक' या एका ओळीत मावतं. विद्यार्थ्यानं एका कोयत्याच्या आठवड्याचा हिशेब मांडावा: तोड किती वाजता सुरू झाली, गाडी कधी भरली, काट्यावर किती वेळ ताटकळली. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. गाडीची वाट पाहण्यात मजुराची रात्र जाते. शेतकरी, कारखाना आणि मजूर तिघांचंही नुकसान एकाच खोळंब्यात आहे. माणूस वगळून केलेलं व्यवस्थापन हिशेबातही कच्चंच ठरतं.

तिसरा आक्षेप नोकरीचा. स्वतः गोळा केलेली आकडेवारी मांडताना एक्सेल आपोआप येतं, आणि मुलाखतीत बोलायला स्वतःचं काहीतरी असतं. आज बरेच प्रोजेक्ट म्हणजे मागच्या वर्षीच्या बायंडिंगची नक्कल आणि मित्रांच्या ग्रुपवर फिरवलेला गुगल फॉर्म, हे कबूल. पण हा दोष संशोधनाचा नाही, ते न करण्याचा आहे.

पाहणी आणि कारभार यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत सामाजिक-आर्थिक पाहण्या करणारे धनंजयराव गाडगीळच प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आलाच आहे. तो निव्वळ गुणांची सोय होऊ द्यायचा नसेल, तर प्रत्येक गटाला एक गाव आणि एकच प्रश्न द्या. कुणाचं नाव उघड होणार नाही, याची काळजी घ्या. निष्कर्ष आधी त्याच गावात, ज्यांनी माहिती दिली त्यांच्यापुढे वाचून दाखवायला लावा. चुकलं असेल तर तिथंच कान धरले जातील. त्या दुरुस्तीनंतरच गुण द्या. प्राचार्यांनो, येत्या गळीत हंगामापासून एवढं सुरू करा.