गोव्याचा प्लॅन आणि भोरचं पाणी

सबमिशन संपलं की होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एक, मेसचं जेवण अचानक बरं लागायला लागतं, आणि दोन, कुणीतरी कॉरिडॉरमध्ये "चला, गोव्याला!" म्हणून ओरडतं. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, त्याला समुद्राचा डीपी लागतो, एकवीस जणी "हो" म्हणतात. मग आठवडाभरात बजेट येतं, कुणाच्या चुलतभावाचा साखरपुडा निघतो, कुणाची केटी निघते, आणि एकवीसच्या चार होतात. त्या चौघी शेवटी टपरीवर कटिंग पिताना सापडतात. दर बॅचचा गोवा असा टपरीवरच होतो. यात नवीन काही सांगत नाहीये मी.

पण जे खरोखर जातात त्यांचा हिशोब एकदा मांडून बघा. इंजिनिअर आहोत ना आपण! पुण्याहून गोवा साधारण साडेचारशे किलोमीटर. जायला दहा तास, यायला दहा तास. शनिवार-रविवार मिळून अठ्ठेचाळीस तास. त्यातले वीस गाडीत, बारा-तेरा झोपेत, चार "नक्की कुठे जेवायचं" या चर्चेत, तीन फोटोत. उरले आठ-नऊ. सोमवारी पहिल्या लेक्चरला ही मंडळी शेवटच्या बाकावर डोकं टेकून असतात आणि विचारलं की म्हणतात, "मस्त रिलॅक्स झालो यार!" आता याला रिलॅक्स म्हणायचं असेल तर व्हायवालाही म्हणायला हरकत नाही.

माझं मत सरळ आहे. आरामाची ट्रिप करायची तर तिच्यातून आधी गोष्टी काढाव्या लागतात. अंतर काढा, पॉइंट काढा, पहाटे चारचा अलार्म काढा. जे उरेल ते पाण्याच्या काठी बसून करा. आणि असं पाणी आपल्याला दोन तासांच्या एसटीवर मिळतं. भोर आणि वेल्हे. (वेल्ह्याला आता सरकारने राजगड तालुका असं नाव दिलंय. पण आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून इथे तेच लिहिते.)

गंमत अशी की आपण भोरला कधी "जात" नाही, भोरवरून जातो. कोकणात महाडला उतरायचं तर वरंध घाट, आणि वरंध घाटात जायचं तर भोर. गाडीच्या खिडकीतून उजवीकडे-डावीकडे तासभर पाणी दिसत राहतं, आणि आपण म्हणतो, "समुद्र कधी येणार?" ज्या पाण्यासाठी चाललोय ते मागे पडतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

थोडी माहिती देते. भोरच्या अगदी जवळ भाटघर, म्हणजे वेळवंडी नदीवरचं धरण. जुनं नाव लॉइड धरण, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावावरून. ते १९२७-२८ च्या सुमारास पुरं झालं. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते योग्यच, कारण येसाजींचं भुतोंडे गाव याच खोऱ्यातलं. पाणी मावतं साडेतेवीस टीएमसी. हा आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असं समजा, खडकवासल्याच्या जवळजवळ बारापट! पश्चिमेला हिर्डोशी खोऱ्यात नीरा नदीवर नीरा-देवघर. वेल्ह्याकडे गेलात तर गुंजवणी, आणि वरच्या अंगाला पानशेत-वरसगावची पाणी. मधे राजगड आणि तोरणा. राजगडावरून एका बाजूला खाली भाटघरचं पाणी बोटं पसरल्यासारखं दिसतं. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, त्यामुळे तिकडची गर्दी वाढणारच. पण गर्दी गडावर असते. पाण्याकाठच्या गावांत अजून शांतता आहे.

सिव्हिलवाल्यांनी तर भाटघर बघायलाच हवं. पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे! कुणी बटण दाबत नाही. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडतात. विश्वेश्वरय्यांनी अशा प्रकारचे दरवाजे १९०३ साली आपल्या खडकवासल्याला बसवले. १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, भाषणं ऐकतो, समोसा खातो आणि घरी जातो. त्या परंपरेतलं यंत्र तासा-दोन तासांवर चालू अवस्थेत उभं आहे, ते मात्र कुणाच्या इंडस्ट्रियल व्हिजिटच्या यादीत मी अजून पाहिलेलं नाही.

आता प्लॅन. स्वारगेटहून सकाळची भोरची एसटी धरायची. भोरमध्ये उतरून मिसळ, मग राजवाडा (आत सोडलं तर आतून, नाहीतर बाहेरून). दुपारपर्यंत पाण्याकाठच्या एखाद्या गावात पोहोचायचं. राहायची आणि जेवायची सोय आधी फोनवर ठरवायची. मग दुपारी काहीही करायचं नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या वरच्या पायवाटेने तासभर चालून यायचं, परत जेवायचं, आणि दिवे लागायच्या आत होस्टेल. येताना वेळ उरला तर नसरापूरचं बनेश्वर. एवढंच! "बाकी काय बघण्यासारखं आहे?" असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकावं.

कधी जायचं? दिवाळीनंतर ते जानेवारी. धरणं भरलेली असतात, डोंगर अजून हिरवे असतात, भात कापून झालेला असतो. पावसाळ्यात दृश्य भारी असतं पण वरंध घाट दरडींच्या भीतीने बऱ्याचदा बंद ठेवतात, धोक्याच्या ठिकाणी बंदीचे आदेशही निघतात. आणि मे महिन्यात पाणी खूप खाली जातं.

इथपर्यंत माझा लेख कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकासारखा आहे हे मला कळतंय. खरा मुद्दा पुढे आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. भूगोलात 'रिझर्व्हॉयर' आणि 'बॅकवॉटर' हे शब्द होते, व्याख्येसह, दोन मार्कांना. गेल्या जानेवारीत आम्ही पाच मुली नीरा-देवघरच्या वरच्या अंगाला एका घरी जेवायला थांबलो होतो. तिथे मी म्हटलं, "आजी, बॅकवॉटर काय सुंदर आहे तुमचं!" आजींनी भाकरी थापता थापता विचारलं, "काय म्हनली?" सोबतच्या साताऱ्याच्या मैत्रिणीने सांगितलं, "फुगवटा, आजी." त्यावर त्या म्हणाल्या, "हां, फुगवटा. तिकडं त्या आंब्यांच्या खाली आमचं घर व्हतं." आंबे दिसत होते, त्यांच्या खाली फक्त पाणी होतं. त्या दिवशी मला फुगवटा, बुडीत आणि गाळपेर असे तीन शब्द मिळाले. बुडीत म्हणजे धरणाखाली गेलेली जमीन. गाळपेर म्हणजे उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी. आपल्या पुस्तकात यातला एकही शब्द नाही. आपल्याकडे फक्त 'सबमर्जन्स एरिया' आहे, हेक्टरमध्ये.

भोर-वेल्ह्यातलं एकही मोठं पाणी नैसर्गिक तलाव नाही. प्रत्येकाच्या तळाशी शेतं आहेत, विहिरी आहेत, देवळं आहेत. भाटघरच्या पोटात वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं आणि मे-जूनमध्ये पाणी उतरलं की बाहेर येतं. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. म्हणजे भाटघरला ज्यांची जमीन गेली त्यांच्यापाशी असा कायदाही नव्हता. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहात शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तरी धरण झालंच. आणि वेल्ह्यातलं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा बुडण्याची पाळी पुण्यावर आली. पुण्यातल्या जुन्या घरांत तो पूर अजून काल झाल्यासारखा सांगतात. बुडीत गावांच्या गोष्टी मात्र त्या गावांबाहेर कुणी सांगत नाही.

या पाण्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये. भाटघर-देवघरचं पाणी वीर धरणातून नीरेच्या दोन कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. त्यावर तिकडचा ऊस उभा आहे, आणि आपल्या मेसच्या चहातली साखरही त्यातलीच असू शकते. तिकडच्या शेतकऱ्यालाही पाणी हवंच आहे. पण धरणाच्या वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करायला हवी. डोळ्यांसमोर टीएमसीमध्ये पाणी आणि डोक्यावर हंडा! पाणी खाली वाहून नेणं सोपं, वर चढवायला वीज लागते, पंप लागतो, आणि ज्याच्यासाठी चढवायचं तो महत्त्वाचा वाटावा लागतो. यातलं तिसरं कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

"मग काय, जायचंच नाही का?" असं माझ्या रूममेटने हा लेख वाचून विचारलं. जायचं. पण पाहुण्यासारखं जायचं. म्हणजे काय तर, स्पीकर न्यायचा नाही. स्वतःचा कचरा स्वतःच्या बॅगेत परत आणायचा. मॅगीची पाकिटं पुण्याहून न नेता गावात जेवायचं, आणि घासाघीस न करता पैसे द्यायचे. कुणाच्या बांधावर बसायचं तर विचारून.

आणि पाण्यात उतरायचं नाही. हे मी सगळ्यात ठळक लिहिते. धरणाचा काठ हा बीच नाही. बीचला उतार असतो. इथे खाली जुन्या शेतांचे बांध असतात, ओढ्याचे खड्डे असतात, गाळ असतो. एका पावलाला गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला डोक्यावरून. २०२२ च्या मे महिन्यात भाटघरच्या पाण्यात नऱ्हे गावाजवळ पाच तरुण मुली-बायका बुडून गेल्या. एकाच दिवशी, एकाच घरातल्या. आपल्यापैकी बहुतेकींना स्विमिंग पूलचं चार फुटी पाणी माहीत आहे. तेवढ्यावर ही हिंमत करू नये.

शेवटचा मुद्दा रेक्टर मॅडम आणि सरांसाठी, रागावू नये ही विनंती. मुलांच्या होस्टेलमधून शनिवारी रात्री बाइकवर कुणीही कुठेही जातं. मुलींच्या होस्टेलमध्ये मुक्कामी ट्रिपचा अर्ज केला की उत्तर ठरलेलं असतं. त्याचा परिणाम काय होतो? मुली ट्रिप रद्द करत नाहीत. रजिस्टरमध्ये "मावशीकडे, चिंचवड" असं लिहितात आणि जातात. मी आकडेवारी देऊ शकत नाही, पण आमच्या मजल्यावर जेवढ्या मावश्या चिंचवडला आहेत तेवढी चिंचवडमध्ये घरं तरी आहेत का अशी शंका येते! विनोद सोडा. उद्या एखादीचा पाय घसरला, फोनला रेंज नसली, तर तिला शोधायला माणसं चिंचवडला जातील. परवानगी नाकारून सुरक्षितता वाढत नाही, फक्त खरा पत्ता रजिस्टरमधून जातो.

त्यापेक्षा असं करू या. पाच जणींपेक्षा कमी नाहीत, गावाचं नाव, राहायच्या घराचा नंबर, एसटीची वेळ, घरच्यांची सही, आणि पाण्यात न उतरण्याचं लेखी वचन. एवढं दिलं तर एका रात्रीची परवानगी मिळावी. एका सेमिस्टरसाठी करून बघा. कुणी नियम मोडला तर तिची परवानगी बंद करा, सगळ्यांची नको. आणि एखाद्या मॅडमना सोबत यायचं असेल तर आनंदच आहे, फक्त अटेंडन्स घेऊ नये.

या जानेवारीत सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी आम्ही असा अर्ज देणार आहोत. जिला यायचं असेल तिने नाव सांगावं. गाडी नाही, डीजे नाही, समुद्र नाही. भाकरी, पिठलं, ठेचा आणि समोर भरपूर पाणी आहे. ते कुठून आलं आणि कुणाकडे जातं हे सांगणारी माणसंही तिथे आहेत. आपण थोडं गप्प बसलो तर ती सांगतात.