वजन घटवणारी इंजेक्शने स्वस्त होत आहेत, पण पहिल्या डोसआधी दुसऱ्या वर्षाचा हिशेब मांडा

“डॉक्टर, आठवड्यातून एकदा घ्यायचं ते इंजेक्शन मला चालेल का?” जासई, उलवे, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या दवाखान्यांत हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. विचारणाऱ्यांत मधुमेहाचे रुग्ण असतात, गुडघेदुखीने बेजार झालेल्या बायका असतात आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत दहा किलो कमी करायचे म्हणणारी तरुण मुलेही असतात. तिघांसाठी उत्तर एकच नाही.

बाजारात काय बदलले?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध ‘माउंजारो’ या नावाने भारतात आले. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचे ‘वेगोव्ही’ आले. तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च सुमारे १७,३०० रुपये होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने किमती कमी केल्या आणि सर्वांत लहान डोस १०,८५० रुपयांवर आला. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना तेच औषध आपल्या नावाने विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

ही चांगली बातमी आहे. आपल्या भागात भातशेती, मिठागरे आणि मासेमारीची अंगमेहनत एका पिढीत कमी झाली. तिची जागा कंटेनर यार्ड, गाडी आणि खुर्चीवरच्या नोकरीने घेतली, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. लठ्ठपणा हा आळस नसून आजार आहे आणि त्यावर परिणामकारक औषध परवडू लागले, तर आनंदच आहे. अडचण अशी की किंमत खाली आली की औषध डॉक्टरांच्या हातून निसटून जिम, पार्लर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या हाती जाते.

औषध काय करते?

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. सेमाग्लुटाइड हे काम दीर्घकाळ करते. टिर्झेपाटाइड त्यासोबत आणखी एका संप्रेरकासारखे काम करते. भूक कमी होते, खाण्याचे विचार कमी होतात आणि वजन उतरते.

२०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के घटले. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट दिसली. दोन्ही अभ्यासांत आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन सोबत होते, हे विसरू नका.

लग्नाआधीचा ‘कोर्स’ का जमत नाही?

वेगोव्हीचा डोस ०.२५ मि.ग्रॅ.पासून सुरू होतो आणि दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढत २.४ मि.ग्रॅ.पर्यंत जातो. म्हणजे पूर्ण मात्रा पाचव्या महिन्यात येते. पहिले दोन महिने शरीराला सवय लावण्याचे असतात. घाई करून पायऱ्या गाळल्या, तर उलट्या, जुलाब आणि अशक्तपणा वाट्याला येतो. कोकणातल्या मे महिन्यात त्यात शरीरातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. त्याच अभ्यासातल्या काही लोकांनी औषध थांबवले. एका वर्षात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. ८० किलोच्या माणसाचे १२ किलो उतरले असतील, तर त्यातले ८ किलो परत, असा हा हिशेब. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तसेच हे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या औषधांची शिफारस करताना दीर्घकालीन उपचार म्हणूनच, काही अटींसह केली.

म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च विचारू नका. डोस वाढल्यावरचा खर्च विचारा आणि तो दोन वर्षे पेलेल का, हे घरात बसून ठरवा. सोन्यावर कर्ज काढून सहा महिने घेतलेले इंजेक्शन पैसेही नेते आणि वजनही परत आणते.

कोणासाठी आहे?

औषधाच्या मान्यतेनुसार बीएमआय ३० किंवा अधिक असेल, अथवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा वजनाशी जोडलेला आजार असेल, तर विचार होतो. उंची १६० सें.मी. असेल तर बीएमआय २७ म्हणजे सुमारे ६९ किलो आणि ३० म्हणजे सुमारे ७७ किलो. भारतीय शरीरात पोटावरची चरबी लवकर साठते, त्यामुळे कंबरेचा घेरही मोजा. पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी.च्या पुढे धोका वाढतो. पाच-सहा किलो ‘जास्त वाटतात’ म्हणून हे औषध नाही.

खालील गोष्टी असतील तर सुरुवातीलाच सांगा:

- स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग.
- पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असणे किंवा पित्ताशयात खडे असणे.
- मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम. साखर झपाट्याने उतरल्यास तो काही काळ वाढू शकतो, म्हणून आधी डोळे तपासा.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असणे. त्यांची मात्रा कमी केली नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उपवासाच्या दिवशी हा धोका वाढतो.
- गरोदरपण, स्तनपान किंवा मूल होण्याचा विचार. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, निरोध वापरा. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन अनपेक्षित गर्भ राहू शकतो.

डॉक्टर आणि औषध, दोन्ही खरे हवेत

भारतात ही औषधे संप्रेरकतज्ज्ञ किंवा मेडिसिन विषयातील तज्ज्ञ (काही कारणांसाठी हृदयरोगतज्ज्ञ) यांच्या चिठ्ठीवर देण्याची अट आहे. आमच्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरांचे काम त्याआधी आणि त्यानंतर आहे: वजन, घेर आणि रक्तदाब मोजणे, साखर, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड तपासणे, चालू गोळ्यांचा हिशेब मांडणे, तज्ज्ञांकडे पाठवणे आणि दर महिन्याला तुमच्याकडे लक्ष ठेवणे. चिठ्ठी तज्ज्ञांची असली, तरी रात्री उलट्या थांबत नाहीत तेव्हा तुम्ही जवळच्याच दवाखान्यात येता. म्हणून इंजेक्शन चालू असल्याचे लपवू नका.

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यात लठ्ठपणाचा उल्लेख आहे. लठ्ठपणा बरा करण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात दिसली, तर तीच धोक्याची खूण समजा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट ओझेम्पिकबद्दल इशारा दिला होता. त्यामुळे परवानाधारक मेडिकलमधूनच घ्या, पक्के बिल घ्या, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये. रक्तातून पसरणारे आजार त्यातून जाऊ शकतात. नवराबायकोनेही नाही.

चालू असताना काय सांभाळाल?

उतरलेले सगळे वजन चरबीचे नसते. त्यातला पाव हिस्सा ते ४० टक्क्यांपर्यंत भाग स्नायूंसह चरबीव्यतिरिक्तच्या वजनाचा असू शकतो. साठीच्या पुढे हे महागात पडते: पायातले बळ जाते, पडण्याची भीती वाढते. भूक कमी असताना पेज आणि चहा-बिस्किटावर दिवस काढू नका. ताटात आधी मासे, अंडी, डाळ, वाल, दही आणि नंतर भात किंवा भाकरी. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणे हीसुद्धा सुरुवात आहे. थोडे थोडे जेवा, तळलेले टाळा, पाणी प्या. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल नक्की सांगा.

पुढील लक्षणे दिसली तर पुढचा डोस न घेता लगेच रुग्णालय गाठा:

- पोटात असह्य दुखणे, विशेषतः पाठीकडे जाणारे.
- उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे होणे.
- पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे.
- अचानक कमी दिसू लागणे.

पूर्ण मात्रेवर काही महिने राहूनही ५ टक्के वजन उतरले नाही, तर औषध पुढे चालू ठेवायचे का, याचा तज्ज्ञांबरोबर पुन्हा विचार करा. थांबवायचे असेल तरी मनाने थांबवू नका. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तेव्हा पुन्हा जुळवाव्या लागतात.

तपासणीला येताना चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि महिन्याला किती खर्च झेपेल याचा आकडा, हे तिन्ही घेऊन या. घरातला स्वयंपाक जी व्यक्ती करते, तिलाही सोबत आणा.