रुग्णाच्या दिवसाचा मोबदला

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ साली नाशिकला झाली. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये मोठ्या संख्येने त्याच्याशी संलग्न असून तेथे एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला संशोधनपर प्रबंध सादर करावा लागतो. या प्रबंधांची सामग्री बहुतांशी रुग्णांच्या खाटांपाशी गोळा होते. मार्गदर्शकाला वेतन असते, विद्यार्थ्याला विद्यावेतन असते, रसायने पुरविणाऱ्याचे बिल चुकते होते. ज्याचे रक्त काढले जाते तो रुग्ण आणि त्याला घेऊन येणारी आई वा पत्नी यांचा वेळ मात्र बहुधा फुकट धरला जातो. सुरगाणा, पेठ तालुक्यांतून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस येणाऱ्या कुटुंबाने तपासणीसाठी नाशिकला एक खेप केली की दोन माणसांचा रोज बुडतो आणि एस.टी.चे भाडे पदरचे जाते. म्हणजेच संशोधनाच्या खर्चाचा एक भाग, ज्याला तो सर्वांत कमी परवडतो, त्याच्याच माथी मारलेला असतो.

येथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई देणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ८ लाख रुपयांची मूळ रक्कम, वय आणि जोखीम यांवरून मृत्यूची भरपाई ठरते. हा हक्क मोलाचा आहे. परंतु इजेची भरपाई म्हणजे श्रमाचा मोबदला नव्हे. वेळ, प्रवास व गैरसोय यांसाठी पैसे देण्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुभा आहे. पण नुसती मुभा असली की देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

रुग्णाचा वाटा किती मोठा असतो, हे गडचिरोलीने दाखविले आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न जगापुढे आला. त्या स्त्रियांनी संकोच बाजूला सारून तपासणीस संमती दिली नसती, तर हे ज्ञान निर्माणच झाले नसते. ब्रिटनमध्ये तर संशोधनाचे प्रश्न ठरविण्यापासून रुग्ण व नातेवाईक यांना सहभागी केले जाते आणि त्यांच्या वेळेचा मोबदलाही दिला जातो.

पैसा दिला तर गरीब माणूस लोभाने धोका पत्करील, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. म्हणूनच मोबदला वेळेचा असावा, धोक्याचा नसावा. जोखीम वाढली म्हणून दर वाढू नये आणि मध्येच माघार घेणाऱ्यालाही तोवरच्या दिवसांचे पैसे मिळावेत. वस्तुतः सार्वजनिक आरोग्यसेवा दुबळी असते तेथे मोफत तपासणी व औषध हेच गरिबाला सर्वांत मोठे प्रलोभन ठरते. त्याविषयी गप्प राहून एका दिवसाच्या मजुरीला मात्र प्रलोभन म्हणणे, ही नीतीची विपरीत व्याख्या झाली.

या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून काम हा हक्क मानला आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरी दिली. त्याच परंपरेला धरून विद्यापीठाने नियम करावा: संशोधनासाठी बोलावलेल्या रुग्णास व त्याच्या सोबत्यास किमान वेतनाहून कमी नाही असा दिवसाचा मोबदला आणि प्रवासखर्च मिळावा, सल्लागार म्हणून बसणाऱ्या रुग्णास तज्ज्ञ सदस्याइतकाच भत्ता मिळावा, आणि अंदाजपत्रकात ही तरतूद नसलेल्या प्रकल्पास नीतिसमितीने मंजुरी देऊ नये. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी हा खर्च शासनाने उचलावा, औषधकंपन्यांच्या चाचण्यांत तो कंपन्यांकडून वसूल व्हावा. आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी आता संघटितपणे मांडली पाहिजे.