कॅप्टन नीडा आणि पेटी ऑफिसर पणजोबा

गेला शनिवार-रविवार देवबागला होतो. चुलत भावाचा साखरपुडा होता, त्या निमित्ताने पुणे, ठाणे, बंगळूर अशी विखुरलेली सगळी भावंडं जमली. ज्यांनी देवबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: मालवणच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. आमचं घर नदीच्या बाजूला. चिऱ्याचं, जुनं.

रात्री जेवणं उरकल्यावर पडवीत लॅपटॉपवर 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लावला. (१९८० चा सिनेमा, आमच्यापैकी कोणाचाच तेव्हा जन्म झालेला नव्हता. तरीही सगळ्यांना पाठ.) कॅप्टन नीडा मरतो तो प्रसंग आला आणि धाकटा चुलत भाऊ म्हणाला, "दादा, आपण सगळे कॅप्टन नीडाच रे! वरचा गळा दाबतो, आपण सॉरी म्हणतो, सोमवारी परत स्टँडअप." सगळे खदखदून हसले. मीही हसलो.

हा लेख त्या विनोदाविरुद्ध आहे.

ज्यांनी स्टार वॉर्स पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंतराळात एक दुष्ट साम्राज्य आहे. त्याच्या आरमारात गणवेशातले शेकडो अधिकारी आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर डार्थ व्हेडर हा काळ्या मुखवट्याचा साहेब. अॅडमिरल ओझेल बंडखोरांच्या ग्रहाच्या फार जवळ आरमार नेऊन ठेवतो. व्हेडर त्याला हातही न लावता गळा दाबून मारतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन पिएटला तिथल्या तिथे अॅडमिरल करतो. पुढे कॅप्टन नीडाच्या हातून बंडखोरांचं एक जहाज निसटतं. नीडा म्हणतो, जबाबदारी माझी, मीच जाऊन माफी मागतो. जातो, आणि मरतो.

हे लोक इंटरनेटवर भलतेच लाडके आहेत. कारण ते आपल्यासारखे दिसतात. वरून दबाव, खालून गोंधळ, मध्ये हे. त्यातही नीडा तर आदर्श मॅनेजर! टीमवर काही ढकललं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मला असा मॅनेजर आजवर एकच मिळालाय.

पण मंडळी, जरा थांबा. नीडाने जबाबदारी नेमकी कसली घेतली? जहाज निसटल्याची. ते जहाज आपण का पकडतोय, पकडल्यावर आतल्या माणसांचं काय होणार, याची नाही. हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलेला पूर्ण सिनेमाभर दिसत नाही. काम नीट झालं की नाही याची जबाबदारी तो जीव देऊन घेतो, आणि काम मुळात नीट आहे का याची जराही घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या धंद्याला नेमका हाच रोग झालाय. सर्व्हर दोन तास बंद पडला तर आपण पोस्टमॉर्टेम करतो. टाइमलाइन, मूळ कारण, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय, सगळं लिहितो. चालू सर्व्हरने दोन वर्षं लोकांचं काय केलं, याचं पोस्टमॉर्टेम मी आजवर पाहिलेलं नाही.

आता "तो तर सिनेमा आहे" असं कोणी म्हणायच्या आत घरचंच उदाहरण देतो.

आमच्या माजघरात पणजोबांचा फोटो आहे, नेव्हीच्या टोपीतला. ते रॉयल इंडियन नेव्हीत पेटी ऑफिसर होते. नावात ऑफिसर, पण हुद्दा हवालदाराच्या बरोबरीचा. त्यातही ते 'रायटर' शाखेत, म्हणजे कारकून. युद्ध संपलं तेव्हा ते मुंबईत एका किनाऱ्यावरच्या ठाण्यात होते.

१८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेतल्या खलाशांनी संप पुकारला. निमित्त निकृष्ट जेवणाचं आणि कमांडिंग ऑफिसरच्या शिव्यांचं. पण त्याआधीच तिथल्या भिंतींवर 'भारत छोडो'च्या घोषणा रंगल्या होत्या आणि बी. सी. दत्त या टेलिग्राफिस्टला अटक झाली होती. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी संपात उतरले. कराचीत 'हिंदुस्तान' जहाजावरून तोफा सुटल्या. मुंबईत खलाशांना पाठिंबा द्यायला लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात २०० च्या वर नागरिक मेले. अखेर वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशी शरण आले.

या संपाचं नेतृत्व कोणाकडे होतं? अध्यक्ष एम. एस. खान, लीडिंग सिग्नलमन. उपाध्यक्ष मदन सिंग, पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. पेटी ऑफिसर! म्हणजे पणजोबांच्याच हुद्द्याचा माणूस. आणि पणजोबा? ते पाचही दिवस कामावर हजर होते. त्यांच्या सेवापुस्तिकेत वर्तणुकीपुढे 'व्हेरी गुड' लिहिलंय, ती पुस्तिका अजून कपाटात आहे. संप मिटल्यावर ४०० हून अधिक खलाशांना नोकरीवरून काढून घरी पाठवलं. त्या काळात पणजोबा रात्री उशिरापर्यंत याद्या टाइप करत बसायचे, असं त्यांनी स्वतःच आजीला सांगितलेलं.

कसल्या याद्या, हे घरात आजवर कोणी विचारलं नव्हतं. रविवारी सकाळी मी विचारलं. आजी नारळ खवत होती. म्हणाली, "कसल्यो म्हंजे? काढलेल्या पोरांच्यो." मग मी विचारलं, ते संपात का नाही गेले? तिने मान वर केली नाही. "संपात खंय पडतले? घरात धा तोंडां हुती. त्येंका कोण खावक घालतलो? तू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण ती खरं बोलत होती. काढलेल्या खलाशांना स्वातंत्र्यानंतरही ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. पणजोबांना मात्र पेन्शन मिळालं. त्याच पेन्शनीवर हे चिऱ्याचं घर उभं राहिलं, आजोबा शिकले, बाबा शिकले, आणि मी इंजिनियर झालो. याद्या टाइप झाल्या नसत्या तर मी आज हा लेख टाइप करत बसलो असतो का, कोण जाणे.

सिनेमा इथेच फसवतो. सिनेमातलं साम्राज्य गळा दाबून चालतं. खरं साम्राज्य पगार, पेन्शन आणि 'व्हेरी गुड' यांवर चालतं. गळा दाबणारा साहेब समोर असता तर निदान भीती तरी वाटली असती. पेन्शनीची भीती कोणाला वाटते?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं हा लबाडपणा होईल. दुष्ट साम्राज्य कुठलं, हे ठरवणार कोण? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला कंपनीच्या पलटणीतून लढलेल्या महार शिपायाला इंग्रज दुष्ट वाटत असेल की पेशवाई? उत्तर तुम्हाला माहीत आहे. पुढे रामजी सकपाळ याच इंग्रजी फौजेत सुभेदार झाले. लष्करात शिक्षण होतं, पगार होता, आणि गावाने कधी दिली नसती अशी इज्जत होती. त्यांच्या घरात बाबासाहेब जन्मले. या माणसांना मी पडवीत बसून 'साम्राज्याचे हस्तक' म्हणणार? अजिबात नाही.

पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग बघा. १८९० च्या दशकात इंग्रजांच्या डोक्यात 'लढवय्या जाती'चं खूळ शिरलं आणि महारांची सैन्यभरती बंद झाली. पिढ्यान् पिढ्यांची निष्ठा एका फर्मानात खलास. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला, पण सरकार ढिम्म. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडून टाकली. मग १९४१ मध्ये, पुन्हा युद्ध आलं तेव्हा, महार रेजिमेंट. म्हणजे गरज असेल तेव्हा या, नसेल तेव्हा जा. (लेऑफची मेल वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.)

यातून मी दोन गोष्टी काढतो. एक, साम्राज्य निष्ठेची परतफेड करत नाही. आणि दोन, जी जास्त महत्त्वाची आहे: ज्या माणसापुढे दुसरं दारच नव्हतं, त्याचा न्याय मी करणार नाही. महार सुभेदारापुढे दुसरं दार नव्हतं. पणजोबांपुढे होतं, पण त्या दारापलीकडे दहा तोंडं उपाशी होती.

आणि माझ्यापुढे?

२०२१ मध्ये मी एका कंपनीत होतो, नाव महत्त्वाचं नाही. मोबाइलवरून झटपट कर्ज देणारं अॅप. माझ्याकडे एक तिकीट आलं: ग्राहक नोंदणी करताना त्याच्या फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट वाचून सर्व्हरवर चढवायचे. कारण लिहिलं होतं, 'जोखीम मूल्यांकन'. मला ते कारण पटलं नव्हतं. कशासाठी लागतात हे आमच्या टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं. हप्ता चुकला की वसुलीवाले त्या यादीतल्या लोकांना फोन करतात. मी तिकिटाला ३ पॉइंट लावले आणि दोन दिवसांत पूर्ण केलं. डेमोला टाळ्या पडल्या, कारण १०,००० कॉन्टॅक्टसुद्धा अॅप न अडकता चढत होते. माझा कोड चांगला होता हो! अजूनही वाटतं, चांगला होता.

काही महिन्यांनी सपोर्टकडून चुकून एक तक्रार आमच्याकडे आली. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या मुलीच्या शाळेतल्या बाईंना फोन गेला, आणि आता शाळेत जायची लाज वाटते. आमच्या लीडने उत्तर लिहिलं: 'अॅप अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. तिकीट बंद.' मी ते वाचलं आणि जेवायला गेलो.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले की कर्जाच्या अॅपनी ग्राहकाची कॉन्टॅक्ट यादी, कॉल लॉग वगैरेला हात लावायचा नाही. मग ते काढून टाकायचं तिकीटही माझ्याकडेच आलं. त्यालाही ३ पॉइंट. त्याही डेमोला टाळ्या.

माझ्या घरात दहा तोंडं नव्हती. आईबाबांना पेन्शन आहे. लग्न झालेलं नव्हतं. त्या महिन्यात माझ्या हातात दुसऱ्या दोन कंपन्यांच्या ऑफर होत्या, आणि मी थांबलो कारण इथे बोनस मार्चमध्ये मिळणार होता. मी नकार दिला असता तर कोणी माझा गळा दाबला नसता. फार तर अप्रेझलमध्ये 'टीम प्लेयर नाही' आलं असतं.

म्हणून मला 'आपण सगळे कॅप्टन नीडा' या विनोदाचा राग येतो. या विनोदात आपण गळा दाबला जाणारे असतो. बिच्चारे. पण शाळेतल्या बाईंना ज्याच्यामुळे फोन गेला तो मी होतो, आणि माझ्या गळ्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. आपण पगार नव्या नोकरीचा घेतो आणि सबब मात्र पणजोबांची वापरतो. घर वारशाने मिळालं, सबब मिळत नाही.

१९३० मध्ये पेशावरला हवालदार मेजर चंद्रसिंह गढवाली यांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला. त्यांना जन्मठेप झाली. तेवढं कोणी आपल्याकडे मागत नाहीये. राजीनामा फेकून हिरो व्हा, असंही मी म्हणत नाही. ईएमआय मलाही आहेत (आता). पण तिकिटावर 'हे नेमकं कशासाठी?' अशी एक कॉमेंट लिहिता येते. 'हे मी करणार नाही, दुसरं द्या' असं लेखी म्हणता येतं. ते दुसऱ्याकडे जाईल, मान्य. मग त्यालाही म्हणू दे. आमच्या टीममध्ये आम्ही सहा जण होतो, सहाही जणांना कळत होतं, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. सहा जणांनी नकार दिला असता तर ते तिकीट कोणी केलं असतं?

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन इथे, शेजारच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. गावभर गर्दी, समुद्रात युद्धनौका. नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेतली नावं देणार, अशी घोषणा पंतप्रधानांनी तिथेच केली. चांगलं आहे. पेटी ऑफिसरला उद्या काहीतरी छान नाव मिळेल. समोर टाइप करायला यादी आली की मात्र त्याला, आणि तुम्हाला-मला, तोच जुना प्रश्न पडणार.

निघताना आजीने कोकमं आणि वाळवलेल्या बांगड्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, "त्यांचो फोटो काढतलंस काय रे भिंतीवरसून?" मी नाही म्हटलं. फोटो राहील. फक्त आता त्याच्याकडे बघताना मला 'व्हेरी गुड'च्या आधी त्या याद्या आठवतील, आणि लगेच माझं तिकीट.

असो. उद्या सोमवार. स्टँडअप साडेदहाला.