हिरव्या बेटाचे आयात ताट

मॉरिशसवरचे मराठी प्रवासवर्णन उघडावे आणि पहिल्या दोन पानांत 'हिरवेगार' हा शब्द भेटू नये, असे सहसा घडत नाही. विमान खाली येऊ लागते, निळा समुद्र संपतो, हिरवाई सुरू होते आणि लेखकाला कोकण आठवते. मग गंगा तलाव, 'छोटा भारत', रस्त्यावरची दालपुरी, आणि चवथीला गणपती आणणारी चौथ्या-पाचव्या पिढीतली मराठी कुटुंबे. या लेखनाच्या भाबडेपणाबद्दल माझी तक्रार नाही. प्रवासवर्णनाला तेवढे क्षम्य आहे. तक्रार एवढीच की, त्या हिरवाईत नेमके काय उगवते हा प्रश्न विचारायचा राहून जातो. ती हिरवाई बव्हंशी उसाची असते, आणि उसाच्या मधोमध राहणारा माणूस ज्या दालपुरीने आपले स्वागत करतो तिचा गहू आणि डाळ दोन्ही जहाजातून आलेले असतात. या बेटाच्या अन्नापैकी सुमारे तीनचतुर्थांश बाहेरून येते.

यावर एक ठरीव उत्तर आहे. बेट ते केवढे, जेमतेम १८६५ चौरस किलोमीटर. त्यातून ज्वालामुखीचे दगड, दर काही वर्षांनी येणारे चक्रीवादळ. तेथे ऊसच टिकतो. साखर विकावी, कापड शिवावे, पर्यटक आणावेत आणि तांदूळ विकत घ्यावा, हेच शहाणपण. हे उत्तर अर्थशास्त्राच्या वर्गात छान शोभते. मला ते खोटे वाटते, आणि त्याचे कारण बेटाच्या इतिहासातच आहे.

ऊस हे त्या मातीचे प्रारब्ध नव्हते. डचांनी १६३९ मध्ये तो जावाहून आणला, तरी पुढची जवळजवळ दोन शतके तो अनेक पिकांपैकी एक होता. १७३५ मध्ये आलेला फ्रेंच गव्हर्नर माए द लाबुर्दोने यानेही साखरेला उत्तेजन दिले. पण बेटावरची माणसे उपाशी मरू नयेत म्हणून त्याने आणखी एक पीक दक्षिण अमेरिकेतून आणवले आणि मळेवाल्यांना ते लावायला भाग पाडले: मॅनिऑक, म्हणजे आपल्याकडे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद. बेटाचे स्वरूप पालटले ते १८२५ नंतर, इंग्रजांनी मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीला आणली तेव्हा. एका दूरच्या राजधानीत जकातीचा एक आकडा बदलला आणि रानेच्या राने उसाखाली गेली. मग १८३४ पासून गिरमिटिये आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर १९२० पर्यंत उतरलेल्या साडेचार लाखांच्या आसपास माणसांत मुंबई बंदरातून गेलेले आपले लोकही होते. त्यांच्या करारात शिधा लिहिलेला असे, तांदूळ आणि डाळ. आणि तो शिधाही जहाजानेच येई. मजूरही आयात, त्याचे जेवणही आयात, आणि जमिनीत फक्त निर्यातीचे पीक. ज्याला आज 'तुलनात्मक लाभ' असे भारदस्त नाव देतात त्याची ही मूळ रचना आहे.

वादळाचा मुद्दा घ्या. ऊस वाकतो आणि पुन्हा उभा राहतो, हे खरेच. वादळानंतर मंडईतली पालेभाजी दिसेनाशी होते आणि भाव दुप्पट-तिप्पट होतात, हेही खरे. परंतु जमिनीखाली वाढणाऱ्या कंदाचे वादळ काय बिघडवणार? मॅनिऑक, रताळे, अळकुडी ही बेटांची पिके आहेत ती उगीच नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि त्याच वसाहतवादी सरकारने उसाच्या मळ्यांना काही जमीन अन्नपिकांखाली आणण्याची सक्ती केली. मका, रताळी, मॅनिऑक निघालेच. लोकांना मका आवडला नाही, ही गोष्ट वेगळी. युद्ध संपताच जमीन उसाकडे परत गेली. म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते गरजेपुरते शक्य होते आणि गरज सरताच पुन्हा अशक्य ठरले.

मॅनिऑकची पुढची हकीकत मोठी बोलकी आहे. गुलामांचे अन्न म्हणून त्याला जी हीनता चिकटली ती सुटली नाही, आणि ताटातून तो हळूहळू हटला. आज माहेबुर्ग येथे १८७० पासून चालत आलेल्या एका बिस्किट कारखान्यात पर्यटक मॅनिऑकची बिस्किटे चहाबरोबर खातात, तव्यांची छायाचित्रे काढतात. कारखान्याविषयी मला आदरच आहे. पण 'स्थानिक अन्न' म्हणून ज्याचा आपण गौरव करतो ते अनेकदा असेच असते: पोट भरण्याचे काम काढून घेतलेले आणि शोभेच्या कपाटात ठेवलेले.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा पाहू. १९६१ च्या सुमारास जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने (पुढे १९७७ चा नोबेल पुरस्कार मिळालेल्या) मॉरिशसविषयी फार काळे भाकीत केले होते: एकाच पिकावर जगणारे, माणसांनी गजबजत चाललेले हे बेट नीट उभे राहणे कठीण. बेटाने त्याला खोटे पाडले. १९७० नंतर निर्यात कारखाने आले, १९७५ च्या साखर-करारामुळे युरोपने वर्षानुवर्षे हमीचा भाव दिला, पर्यटन वाढले, शिक्षण फुकट झाले. हे यश नाकारणे हा अन्याय होईल. पण या यशाच्या पोटात एक गृहीतक होते, की विकत घेण्याची ऐपत असली म्हणजे विकणारा नेहमी हजर असतो.

ते गृहीतक गेल्या काही वर्षांत तीनदा तडकले. मार्च २०२० मध्ये महामारीच्या टाळेबंदीत सरकारने २४ तारखेपासून सुपरमार्केटेसुद्धा बंद केली. २ एप्रिलला ती उघडली तेव्हा आडनावाच्या आद्याक्षरानुसार खरेदीचे वार ठरवून दिले. त्या मधल्या दिवसांत ज्याच्या परसात शेवगा होता त्याचे, आणि ज्याच्याकडे फक्त पैसे होते त्याचे जेवण सारखे नव्हते. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि ऑगस्टअखेर खास बाब म्हणून मॉरिशसला १४,००० टन मंजूर केले. आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा बंद झाला; पुढे मॉरिशसच्या वाट्याला आले १,२०० टन.

या शेवटच्या आकड्यापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण येथे तो प्रेक्षक राहत नाही. ज्या आदेशाने लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पाडला, त्याच आदेशाने हिंदी महासागरातल्या एका स्वयंपाकघरात फोडणीचा प्रश्न उभा केला. पिकवणारा नागवला आणि खाणारा ताटकळला. दोघांपैकी कोणालाही दिल्लीने विचारले नाही. मॉरिशसमध्ये कांदा पिकत नाही असे नव्हे. पिकतो, गरजेच्या मानाने थोडा, आणि तोही छोट्या शेतकऱ्याच्या तुकड्यावर.

हा छोटा शेतकरी कोण, ते सांगितल्यावाचून सारी चर्चा पोकळ राहील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, निकस जमिनी तुकड्यांनी विकल्या, त्या करार संपलेल्या मजुरांनी पै-पै साठवून घेतल्या. त्यांचे वंशज आज अर्ध्या-एक एकरावर, कित्येकदा खंडाच्या जमिनीवर, भाजी काढतात. बेटाची ताजी भाजी बहुतांशी हेच लोक पुरवतात. त्यांच्या पिकांची क्रेओल नावे ऐकली की चार संस्कृतींची गाठ दिसते: 'ब्रेड मुरूम' म्हणजे शेवग्याचा पाला, 'ब्रेड सोंज' म्हणजे अळू, 'पातोल' म्हणजे पडवळ, 'लालो' म्हणजे भेंडी. ही भाषा कोणा अभ्यासकाने जपलेली नाही, ती मंडईत टिकली आहे. शेती गेली तर शब्दकोशात उरेल.

आणि शेती जाते आहे. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. शतकाच्या आरंभी सत्तर हजार हेक्टरांवर असलेला ऊस आज जवळपास निम्म्यावर आला आहे. लहान ऊसकऱ्यांनी हजारोंनी शेत सोडले. त्यांचे तुकडे पडीक आहेत, त्यांवर रान माजले आहे. म्हणजे दोनशे वर्षे 'जमीन नाही' म्हणून सांगणाऱ्यांच्या हातात एकाएकी जमीन आली. तिचे काय झाले? २००२ पासून एका सरकारी योजनेने परदेशी धनिकांना किमान पाच लाख डॉलरचे बंगले घेण्याची मुभा दिली, आणि जुन्या साखर कंपन्या आपल्या रानांवर बंगले, गोल्फची मैदाने उभी करू लागल्या. ऊस जाऊन हिरवळ आली. तीही हिरवीगारच असते, आणि प्रवासवर्णनात तिचाही उल्लेख येतो.

बेटाने सगळा तांदूळ, गहू स्वतः पिकवावा असे कोणी शहाणा म्हणत नाही, आणि टीकाकार मात्र हेच आपल्या तोंडी घालून सहज विजयी होतात. मागणी साधी आहे. पडीक पडलेली उसाची जमीन बिल्डराच्या आधी भाजीवाल्याला, आणि वर्षा-दोन वर्षांच्या नव्हे, झाड लावून त्याचे फळ खाता येईल इतक्या मुदतीच्या खंडाने मिळावी. शाळेच्या जेवणात आयात बटाट्याच्या जोडीला रताळे, मॅनिऑक असावेत. वादळानंतर बी-बियाण्यासाठी भाजीवाल्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये. यात क्रांतिकारक काही नाही. लाबुर्दोनेने मळेवाल्यांवर जेवढी सक्ती केली तेवढीही आज कोणी मागत नाही.

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वरकस जमिनींचे सातबारे भराभर दुसऱ्यांच्या नावावर चढत आहेत. नाचणी-वरीची ती रानेही कागदोपत्री 'पडीक' म्हटली जातात. मॉरिशसला गेलेल्यांपैकी पुष्कळजणांचे पूर्वज याच गावांतून निघाले होते. पुढल्या खेपेस तिकडून कोणी प्रवासवर्णन लिहून आणले तर एवढी चौकशी करून यावी: विमानातून दिसलेल्या त्या हिरव्यात भाजी किती होती, आणि ती जमीन कोणाच्या नावावर होती?