पोलीस कोणाला जबाबदार?

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर आणि घोडेगाव ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांच्या हाताखाली चालतात. शिपायापासून अधीक्षकापर्यंतची ही उतरंड इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कशासाठी रचली गेली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला पाहिजे.

१८२९ मध्ये लंडनला उभारलेल्या पोलिसांच्या हाती बंदूक नव्हती. हिंदुस्थानसाठी मात्र इंग्रजांनी आयर्लंडचा नमुना उचलला: शस्त्रधारी, बराकीत राहणारा, रयतेपासून तुटलेला. १८४३ मध्ये नेपियरने तो सिंधमध्ये आणला. १८५३ पासून मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस सुपरिंटेंडेंट आले.

डोंगरातील महादेव कोळ्यांना या व्यवस्थेचा अर्थ लवकरच उमगला. १८५७ मध्ये सरकारला गरज पडली, तेव्हा कॅप्टन नटॉलने त्यांचीच पलटण उभारली. गरज सरताच १८६१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगळेने १८७३ पासून सावकारीविरुद्ध बंड पुकारले. सावकाराच्या खतावण्या तपासणे हे पोलिसांचे काम नव्हते. होन्याला धरणे हे होते. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने ते पार पाडले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ चा पोलीस कायदा आला, परंतु जबाबदारीची दिशा वरचीच राहिली. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा पातळीवरही पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग एवढ्यावरच भागवले, जिल्हा वगळला. भीमाशंकरच्या कुशीतील आदिवासीने ठाण्यातील अन्यायाची दाद विभागाच्या दारी मागावी, याला न्याय म्हणावे काय?

हे भांडण शिपायाशी नाही. तोही कष्टकऱ्याचाच मुलगा आहे, आणि १९८२ मध्ये सरकारने त्याच्या संघटनेची मान्यता काढून घेतली होती. खाली मुका आणि वर आज्ञाधारक असा शिपाई सत्तेला सोयीचा असतो.

दोन्ही तालुक्यांच्या अनुसूचित गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. होन्याने बंडाने जे मागितले, ते आज कायद्यात आहे. पोलीस त्या ग्रामसभेच्या पाठीशी उभे राहतात की सावकाराच्या, हीच खरी कसोटी. जिल्हा प्राधिकरणाची मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे.